औद्योगिक कामगारांच्या अपघातांतील व्यक्तिगत व कार्यविषयक घटक : एक ऐतिहासिक विवेचन (हातकणंगले तालुक्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

कारखान्यात अपघात घडला की दोन प्रश्न उपस्थित होतात. अपघात कशामुळे झाला, हा पहिला आणि तो कोणामुळे झाला, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर अपघात टाळण्याच्या दिशेने जाते, तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा दोषारोपापाशी थांबते. औद्योगिक मानसशास्त्रात अपघाताच्या कारणांची 'व्यक्तिगत घटक' आणि 'कार्यविषयक घटक' अशी विभागणी केली जाते. वय, अनुभव, शिक्षण, दृष्टी, थकवा, व्यसन, मानसिक ताण ही कारणे पहिल्या गटात येतात. यंत्राची रचना, प्रकाश, उष्णता, आवाज, कामाचे तास, मजुरीची पद्धत व पर्यवेक्षण ही कारणे दुसऱ्या गटात येतात. अध्यापनाच्या सोयीसाठी ही विभागणी उपयुक्त आहे. परंतु तिला स्वतःचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात कामगाराच्या भाकरीचा प्रश्न गुंतलेला आहे. कारण दोष कोणाचा, हे ठरले की भरपाई कोणी द्यावयाची हेही ठरत असे.

प्रस्तुत लेखात या विभागणीचा ऐतिहासिक मागोवा घेतला असून तो कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्याच्या औद्योगिक जीवनाशी जोडून पाहिला आहे. व्यक्तिगत म्हणून नोंदविले जाणारे बरेचसे घटक कामाच्या व्यवस्थेतूनच निर्माण होतात, आणि म्हणून अपघातप्रतिबंधाचा आरंभ कामगाराच्या स्वभावापासून न करता कामाच्या रचनेपासून करावयास हवा, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

हातकणंगले तालुक्याचे औद्योगिक स्वरूप

एकाच तालुक्यात इतक्या भिन्न प्रकारचे उद्योग एकत्र नांदत असल्याची उदाहरणे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात थोडी आहेत. इचलकरंजी येथे यंत्रमाग व सायझिंग, पुलाची शिरोली येथील औद्योगिक वसाहतीत ओतशाळा व यंत्रभागांचे कारखाने, हुपरी येथे चांदीच्या दागिन्यांचा व्यवसाय आणि पंचगंगेच्या काठच्या ऊसपट्ट्यात साखर कारखाने व गुऱ्हाळे, असे हे स्वरूप आहे. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीने त्यात अलीकडच्या काळात भर घातली.

या वाढीचा पाया संस्थानी काळात घातला गेला. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला आणि हातकणंगले हे इचलकरंजीस जवळचे रेल्वेस्थानक ठरले. इचलकरंजी ही कोल्हापूर संस्थानातील जहागीर होती. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या कारकीर्दीत, १९०४ मध्ये, विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसविला. हातमागाचे गाव क्रमाने यंत्रमागाचे गाव झाले आणि पुढे 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणून ओळखले जाऊ लागले. २०२२ मध्ये इचलकरंजीस महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. शिरोलीच्या ओतशाळांची परंपरा कोल्हापूर शहरातील लहान दुरुस्ती-कारखान्यांतून आली. उसाच्या चरकासाठी आणि नदीकाठच्या पाणीपुरवठ्यासाठी लागणाऱ्या तेल इंजिनांची दुरुस्ती करता करता तेथील कारागीर सुटे भाग ओतू लागले व त्यांतून अभियांत्रिकी उद्योग उभा राहिला.

या सर्व उद्योगांचे एक समान लक्षण आहे. ते मोठ्या भांडवलदाराने एका छताखाली उभारलेले नाहीत. साखर कारखान्यांसारखे अपवाद वगळता येथील उद्योग लहान शेडमध्ये, कित्येकदा घराच्या ओसरीला लागून, थोड्या कामगारांवर वाढला. अपघाताच्या प्रश्नाला या लहानपणामुळे वेगळे वळण मिळाले.

दोषाकडून दायित्वाकडे : कायद्याची वाटचाल

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी न्यायव्यवस्थेने अपघाताचा विचार व्यक्तिगत दोषाच्या भाषेत केला. प्रीस्टले विरुद्ध फाउलर या १८३७ च्या खटल्यातून 'समान सेवे'चे तत्त्व पुढे आले. सहकाऱ्याच्या चुकीमुळे कामगारास इजा झाली तर मालक जबाबदार नाही, असा त्याचा आशय होता. कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा आणि धोका माहीत असूनही काम स्वीकारणे, हे आणखी दोन बचाव मालकास उपलब्ध होते. या तीन बचावांपुढे जखमी कामगाराचा दावा क्वचितच टिकत असे.

हिंदुस्थानात १८८१ च्या पहिल्या कारखाने कायद्याने यंत्रांना कुंपण घालणे व अपघाताची खबर देणे या गोष्टी प्रथम सांगितल्या. परंतु जखमी कामगाराच्या उदरनिर्वाहाबद्दल तो कायदा मौन पाळून होता. ही उणीव मुंबईच्या गिरणगावातून प्रथम ठळकपणे मांडली गेली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. साप्ताहिक सुट्टी, मधली विश्रांती व वेळेवर पगार या मागण्यांबरोबरच, काम करताना इजा झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, अशी मागणी त्यात होती. इजा कोणाच्या चुकीमुळे झाली, ही अट त्या मागणीत नव्हती, ही बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. जर्मनीत अपघातविम्याचा कायदा त्याच वर्षी झाला. ब्रिटनमध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा होण्यास १८९७ साल उजाडावे लागले.

हिंदुस्थानात कामगार नुकसानभरपाई अधिनियम १९२३ मध्ये संमत झाला व १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. नोकरीतून व नोकरीच्या ओघात झालेल्या इजेबद्दल मालकाने भरपाई द्यावी, हे दोषनिरपेक्ष तत्त्व त्याने स्वीकारले. तथापि व्यक्तिगत दोषास त्यात एक दार उघडे राहिले. कामगार मद्य वा मादक द्रव्याच्या अमलाखाली असल्यास, सुरक्षेचा स्पष्ट आदेश त्याने जाणूनबुजून मोडल्यास किंवा सुरक्षासाधन जाणूनबुजून काढून टाकल्यास मालकाची जबाबदारी संपत असे. हे दार पुढे क्रमाने अरुंद होत गेले. १९३३ च्या दुरुस्तीने मृत्यूच्या प्रकरणांत हा बचाव बंद झाला व १९९५ च्या दुरुस्तीने कायमच्या संपूर्ण अपंगत्वाच्या बाबतीतही तो काढून घेण्यात आला. भरपाईसाठी सुरुवातीचे किती दिवस गणले जाणार नाहीत, ती मुदतही दहा दिवसांवरून सात व १९५९ मध्ये तीन दिवसांवर आली. कर्मचारी राज्य विमा अधिनियम १९४८ मध्ये १९६६ साली झालेली दुरुस्ती याहून पुढे गेली. नियम मोडून केलेल्या कृतीतून अपघात झाला, तरी ती कृती मालकाच्या कामासाठी केलेली असल्यास तो अपघात नोकरीतूनच उद्भवला असे मानावे, असे तिने सांगितले.

थोडक्यात, भरपाईच्या कायद्याचा इतिहास हा व्यक्तिगत दोषाचे महत्त्व कमी होत गेल्याचा इतिहास आहे. ज्या कामगाराने संरक्षक जाळी काढली, त्याने ती का काढली, हा प्रश्न विचारण्यास कायद्याने हळूहळू जागा करून दिली.

'अपघातप्रवण' कामगाराची संकल्पना

कायदा एका दिशेने जात असताना औद्योगिक मानसशास्त्र काही काळ विरुद्ध दिशेने गेले. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधील दारूगोळ्याच्या कारखान्यांतील स्त्री कामगारांच्या अपघातांचा मेजर ग्रीनवुड आणि हिल्डा वुड्स यांनी अभ्यास केला. १९१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात थोड्या व्यक्तींच्या वाट्याला बरेच अपघात येतात, असे दिसले. एरिक फार्मर व चेंबर्स यांनी १९२६ मध्ये या प्रवृत्तीस 'अपघातप्रवणता' असे नाव दिले. काही माणसे स्वभावतःच अपघातास अनुकूल असतात आणि निवडचाचणीने त्यांना वगळता येईल, अशी आशा यातून निर्माण झाली.

अमेरिकेत विमा कंपनीत काम करणाऱ्या हाइनरिख यांनी १९३१ च्या आपल्या ग्रंथात, ८८ टक्के अपघात असुरक्षित कृतीमुळे, १० टक्के असुरक्षित परिस्थितीमुळे व २ टक्के अटळ कारणांमुळे होतात, असे प्रमाण मांडले. सुरक्षा-प्रशिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांतून हे आकडे दीर्घकाळ उद्धृत होत राहिले. मात्र हे आकडे विम्याच्या दाव्यांवर व कारखान्यांच्या अहवालांवर आधारलेले होते, याकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. अहवाल लिहिणारा पर्यवेक्षक स्वतः कामाच्या व्यवस्थेचा भाग असतो. यंत्राच्या दुरुस्तीत दिरंगाई झाली असे लिहिण्यापेक्षा कामगाराचे दुर्लक्ष झाले असे लिहिणे त्यास सोयीचे असते.

अपघातप्रवणतेच्या संकल्पनेची संख्याशास्त्रीय चिकित्सा आर्बस व केरिच यांनी १९५१ मध्ये केली. निव्वळ योगायोगानेही अपघातांची वाटणी विषम होऊ शकते आणि सर्व कामगारांना सारखाच धोका असतो हे गृहीतक प्रत्यक्षात टिकत नाही, हे त्यांच्या व तत्सम विवेचनातून स्पष्ट झाले. ज्याच्याकडे सर्वांत जुने यंत्र आहे, त्याच्या नावावर अपघात अधिक असणार, हे सांगण्यास स्वभावशास्त्राची गरज नाही.

याच काळातील व्हर्नन यांचे संशोधन अधिक उद्बोधक आहे. दारूगोळ्याच्या एका कारखान्यात दिवस बारा तासांचा असताना स्त्री कामगारांचे अपघात हे दहा तासांच्या दिवसातील अपघातांच्या सुमारे अडीच पट होते, असे त्यांना आढळले. कामगार तेच होते, त्यांचा स्वभावही तोच होता. बदलले होते ते फक्त घड्याळ. थकवा हा व्यक्तिगत घटक म्हणून नोंदविला जात असला, तरी त्याचे उगमस्थान कामाच्या वेळापत्रकात आहे, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

यंत्रमाग : दोन घटकांची गुंफण

साध्या यंत्रमागावर धोटा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत मिनिटाला शंभराहून अधिक वेळा फेकला जातो. धोट्याच्या दोन्ही टोकांना धातूची टोपणे असतात. ताण्याचे धागे तुटून गुंतले, फेकदांड्याचा भाग झिजला किंवा पेटीची जुळणी बिघडली, तर धोटा मार्ग सोडून बाहेर उडतो. समोर किंवा शेजारच्या मागावर उभ्या असलेल्या कामगाराच्या डोळ्यास, कपाळास वा छातीस तो लागतो. हा धोका जुना व सर्वपरिचित आहे आणि त्यावरील उपायही जुनाच आहे. मागावर संरक्षक दांडी बसविली तर उडालेला धोटा अडतो.

मग ही दांडी अनेकदा जागेवर का नसते, हा खरा प्रश्न आहे. तुटलेला धागा जोडण्यासाठी कामगारास वारंवार मागावर वाकावे लागते व त्या वेळी दांडी आड येते. त्यास मजुरी तासावर मिळत नाही, विणलेल्या कापडाच्या मीटरवर व त्यातील पिकांच्या संख्येवर मिळते. माग थांबला की मजुरी थांबली. एका कामगाराकडे चार किंवा त्याहून अधिक माग असतात आणि दोन पाळ्यांत बारा-बारा तास काम करण्याची प्रथा या व्यवसायात दीर्घकाळ रूढ आहे. अशा स्थितीत चालत्या मागात हात घालणे हा निष्काळजीपणा राहत नाही. तो मजुरीचा हिशोब असतो. अपघाताची नोंद झालीच तर तेथे 'कामगाराने चालू यंत्रात हात घातला' असे लिहिले जाते. ते खोटे नसते, परंतु अपुरे असते.

या साखळीत मालकाचे स्थानही समजून घेणे आवश्यक आहे. इचलकरंजीतील अनेक यंत्रमागधारक 'खर्चीवाले' आहेत. सूत व्यापाऱ्याचे असते, कापड व्यापाऱ्याचे असते आणि यंत्रमागधारकास मजुरीचा ठराविक दर मिळतो. म्हणजे कामगार जसा पिकावर बांधलेला, तसा शेडचा मालकही दरावर बांधलेला असतो. झिजलेला भाग बदलण्याचा खर्च तो पुढे ढकलतो, जॉबरला एका वेळी अनेक माग सांभाळावे लागतात आणि दिवाणजीचे लक्ष उत्पादनावर असते. दोषाचा शोध घेत गेल्यास तो एका व्यक्तीपाशी थांबत नाही. बाजाराच्या दराचा दाब पायरीपायरीने खाली उतरत शेवटी कामगाराच्या बोटांवर येतो.

आवाजाचा घटक याहून अधिक दुर्लक्षित आहे. मागांच्या अखंड खडखडाटात कामगारास सहकाऱ्याची हाक ऐकू येत नाही. वर्षानुवर्षांच्या कामाने श्रवणशक्ती मंदावते. आवाजामुळे येणारे बहिरेपण १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमाच्या व्यवसायजन्य रोगांच्या अनुसूचीत आले. ज्यास ऐकू कमी येते तो कामगार धोक्याच्या प्रसंगी सावध होऊ शकत नाही. अशा वेळी बहिरेपण हा त्याचा व्यक्तिगत घटक मानावा की त्याच्या कामाचा परिणाम? कालचा कार्यविषयक घटक येथे आजचा व्यक्तिगत घटक बनलेला दिसतो.

ओतशाळा आणि चांदीकाम

शिरोलीच्या ओतशाळांत धोक्याचे स्वरूप निराळे आहे. बिडाचा रस सुमारे १४०० अंश सेल्सिअस तपमानावर साच्यात ओतला जातो. साच्याच्या वाळूत किंवा रस नेणाऱ्या भांड्यात ओल राहिली, तर पाण्याची क्षणार्धात वाफ होते व रस उसळतो. भांडे आधी तापवून कोरडे करणे ही साधी दक्षता आहे, पण ती घेण्यास वेळ द्यावा लागतो. ओतकामानंतर कास्टिंग घासून साफ करताना धातूचे कण डोळ्यांत जातात. कामगार चष्मा वापरत नाही, अशी तक्रार पर्यवेक्षकांकडून नेहमी केली जाते. उष्णतेने व घामाने काच धुरकटते आणि समोरचे दिसेनासे होते, ही कामगाराची बाजू आहे. योग्य हवा खेळती ठेवली आणि बसेल असा चष्मा दिला, तर या 'सवयी'त बदल होतो.

ओतशाळांत अन्य राज्यांतून आलेला व कंत्राटदारामार्फत नेमलेला कामगारही मोठ्या प्रमाणावर आहे. अनुभवाचा अभाव व भाषेची अडचण हे त्याचे व्यक्तिगत घटक म्हणून नोंदविता येतील. परंतु नवख्या माणसास प्रशिक्षणाशिवाय भट्टीजवळ उभे करणे आणि सूचनाफलक त्यास न कळणाऱ्या भाषेत लावणे, हे निर्णय व्यवस्थापनाचे असतात.

हुपरीच्या चांदीकामात कारखाना व घर यांतील सीमारेषाच पुसट आहे. चांदी शुद्ध करताना वापरले जाणारे नत्राम्ल, डाख देतानाच्या ज्वाळा व धूर, तार आणि पत्रा काढण्याची यंत्रे यांचा वावर राहत्या वस्तीत असतो. पैंजणांच्या जोडणीचे काम स्त्रिया घरी करतात. येथे होणारी इजा बहुधा घरगुती दुखापत म्हणून दवाखान्यात नोंदली जाते. ती औद्योगिक अपघात ठरत नाही, म्हणून तिच्या घटकांचे विश्लेषणही होत नाही.

डोकी मोजणारा कायदा आणि बॉयलर मोजणारा कायदा

यावरून मूळ प्रश्न पुढे येतो. अपघात कोणत्या जागी झाला म्हणजे तो कायद्याच्या दृष्टीस पडतो? १८८१ चा कायदा १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांना लागू होता. १८९१ मध्ये ही मर्यादा ५० वर व १९२२ मध्ये २० वर आली. कामाचे तासही या काळात घटत गेले. १९२२ मध्ये आठवड्याचे ६०, १९३४ मध्ये ५४ आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर सदस्य असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पुढे नेलेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये ४८ तास झाले. ब्रिटिश हिंदुस्थानातील हे कायदे संस्थानी प्रदेशास आपोआप लागू होत नसत. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि बरोबर एका महिन्याने, १ एप्रिल १९४९ रोजी, कारखाने अधिनियम १९४८ देशभर अंमलात आला. विजेवर चालणाऱ्या जागी १० कामगार, ही त्याची मर्यादा होती. हातकणंगले तालुक्याच्या औद्योगिक इतिहासातील हा महत्त्वाचा टप्पा मानला पाहिजे.

तथापि तालुक्यातील प्रमुख उद्योगाची वाढ या मर्यादेच्या खालीच होत राहिली. एकाच शेडमधील माग कुटुंबातील निरनिराळ्या व्यक्तींच्या नावे दाखविले, की प्रत्येक नावापुढे दहापेक्षा कमी कामगार उरतात, हा प्रकार यंत्रमाग व्यवसायाच्या अभ्यासकांनी विविध केंद्रांत नोंदविला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईतील गिरणी संपानंतर कापडाचे उत्पादन भिवंडी, मालेगाव व इचलकरंजीकडे सरकण्याच्या आधीच सुरू झालेल्या प्रक्रियेस गती मिळाली. उत्पादन आले, परंतु गिरणीतील निरीक्षण, दवाखाना व कामगार संघटनेचा दबाव यांपैकी फारच थोडे त्याच्यासोबत आले. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात झालेल्या महत्त्वाच्या सुधारणांचा लाभही कायद्याच्या कक्षेत असलेल्यांनाच मिळाला.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली व कारखाने अधिनियमाची जागा तिने घेतली. १० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना संहिता लागू असली, तरी 'कारखाना' या संज्ञेसाठी विजेवर चालणाऱ्या जागी २० कामगारांची अट तिने घातली. सुमारे सात दशके कमी होत गेलेली संख्यामर्यादा प्रथमच वर गेली, असा याचा ऐतिहासिक अर्थ आहे.

याच्या तुलनेत बॉयलरविषयक कायदा विचारात घेण्याजोगा आहे. नुकसानभरपाई अधिनियमाच्याच वर्षी, १९२३ मध्ये, भारतीय बॉयलर अधिनियम झाला. २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. कामगार किती, हा प्रश्न त्या कायद्याने विचारला नाही. बॉयलर किती मोठा, हे त्याने विचारले. मुळात पाच गॅलनांहून अधिक धारणक्षमता असलेले बाष्पपात्र नोंदणी, तपासणी व प्रमाणित चालक यांच्या बंधनात आणले गेले. इचलकरंजीतील सायझिंग कारखान्यात वाफेसाठी बॉयलर असतो. तेथे कामगार थोडे असोत वा अधिक, बॉयलरची तपासणी टळत नाही. त्याच सायझिंगमध्ये तयार झालेला ताणा ज्या शेडमध्ये विणला जातो, तेथील मागाची तपासणी मात्र कामगारांच्या संख्येवर अवलंबून राहते.

बॉयलरच्या बाबतीत व्यक्तिगत व कार्यविषयक घटकांचा वाद उद्भवत नाही, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. चालकाची पात्रता हा व्यक्तिगत घटक आहे आणि सुरक्षा-झडप हा कार्यविषयक घटक आहे. कायद्याने दोन्हींची जबाबदारी आधीच ठरवून दिली. स्फोट झाल्यावर चालकाचा स्वभाव तपासण्यापेक्षा स्फोट होऊ नये म्हणून झडप तपासणे त्याने पसंत केले.

एका बोटाचे मूल्य

या चर्चेचा मानवी आशय नुकसानभरपाईच्या अनुसूचीत सर्वाधिक स्पष्टपणे दिसतो. १९२३ च्या अनुसूचीत अंगठा गमावल्यास कमाईच्या क्षमतेची हानी २५ टक्के, तर्जनीसाठी १० टक्के व अन्य बोटासाठी ५ टक्के मानली होती. पुढे सुधारलेल्या अनुसूचीत हे प्रमाण अंगठ्यासाठी ३०, तर्जनीसाठी १४, मधल्या बोटासाठी १२ व अनामिका किंवा करंगळीसाठी ७ टक्के झाले. या टक्केवारीस मासिक वेतन व वय यांची जोड देऊन रक्कम काढली जाते.

वहिफणी कामगार ताण्याचा एकेक धागा वहीतून व फणीतून ओवतो. त्याची सारी कमाई बोटांच्या अग्रांवर उभी असते. तर्जनी गेलेल्या वहिफणी कामगाराची हानी १४ टक्के असते, असे त्याच्या घरातील कोणी म्हणणार नाही. शिवाय मजुरी कामावर मिळत असून तिची नोंदवही नसेल, तर मासिक वेतन कोणते धरावे, येथूनच वाद सुरू होतो. अशा वेळी थोडीफार रक्कम घेऊन आपसात मिटविणे हाच मार्ग उरतो. मिटविलेला अपघात कोणत्याही तक्त्यात दिसत नाही आणि जो दिसत नाही त्याचा प्रतिबंधही होत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. व्यक्तिगत व कार्यविषयक घटक ही विभागणी वर्णनासाठी उपयुक्त असली, तरी कार्यकारणभाव सांगण्यास ती अपुरी आहे. थकवा, घाई, बहिरेपण व अननुभव हे व्यक्तिगत म्हणून नोंदविले जाणारे घटक अनुक्रमे कामाचे तास, मजुरीची पद्धत, आवाज व भरतीची रीत यांतून निर्माण होतात.

२. भरपाईच्या कायद्याने शंभर वर्षांत व्यक्तिगत दोषाचे महत्त्व सातत्याने कमी केले. अपघाताची नोंद करण्याची पद्धत मात्र त्या प्रमाणात बदलली नाही. ती अद्यापही कृतीचे वर्णन करते, कृतीमागील सक्ती नोंदवीत नाही.

३. कामगारांच्या संख्येवर आधारलेला सुरक्षा-कायदा विकेंद्रित उद्योगात अपुरा पडतो. हातकणंगले तालुक्यातील यंत्रमाग व चांदीकाम ही याची ठळक उदाहरणे आहेत.

व्यसन, कौटुंबिक चिंता किंवा बेफिकिरी यांमुळे अपघात होतच नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. मद्यपान करून भट्टीजवळ जाणारा कामगार स्वतःस व सहकाऱ्यांस धोक्यात घालतो आणि त्याबाबत प्रबोधन व शिस्त दोन्ही आवश्यक आहेत. परंतु माणूस कधी ना कधी चुकणार हे गृहीत धरून यंत्राची व कामाची रचना करणे, हेच सुरक्षाशास्त्राचे आजचे सूत्र आहे.

उपाययोजना

बॉयलरप्रमाणे धोक्याच्या यंत्रांची तपासणी कामगारसंख्येशी न जोडता यंत्राशी जोडावी. धोट्याच्या मागावर संरक्षक दांडी, पट्ट्यांना व दातेरी चाकांना आवरण या किमान गोष्टी शेडच्या आकाराचा विचार न करता अनिवार्य असाव्यात. खर्चीचा दर ठरविताना दुरुस्ती व सुरक्षासाधनांचा खर्च त्यात धरला जावा, म्हणजे सुरक्षिततेचा भार सर्वांत खालच्या पायरीवर पडणार नाही. अपघाताच्या नोंदीत पाळीचा कितवा तास, हाताखाली किती यंत्रे व यंत्राची शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, हे तीन रकाने असावेत. परिसरातील महाविद्यालयांच्या मानसशास्त्र, अर्थशास्त्र व इतिहास विभागांनी डोळ्यांचे व अस्थिरोगांचे दवाखाने यांच्या सहकार्याने, रुग्णांची ओळख गुप्त ठेवून, अशा इजांची पद्धतशीर नोंद सुरू केल्यास कायद्याच्या नजरेबाहेर राहिलेल्या अपघातांचे वास्तव प्रथमच कागदावर येईल.

१८८४ च्या निवेदनात गिरणी कामगारांनी जखमी सोबत्याच्या निर्वाहाची मागणी करताना दोष कोणाचा, हे विचारले नव्हते. हातकणंगले तालुक्यातील लहान शेडमध्ये बारा तास उभा राहणारा कामगार आजही त्या मागणीच्या पूर्ततेची वाट पाहत आहे.